झोपेत चालणारा हात

वेळेची फिकीर नाही आणि घड्याळावर मात्र पोटच्या पोरासारखा जीव, असा माणूस मावळात आमच्या दाजींच्या आधी झाला नसेल आणि पुढे होईल असंही वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. गाव वराळे. लग्नाचा मुहूर्त सकाळचा असला तर दाजी एकतर आदल्या संध्याकाळीच उगवायचे, नाहीतर पंगती उठून मांडववाला कनाती सोडायला लागला की. दोन्ही खेपेला चेहऱ्यावर समाधान सारखंच. "दाजी, लग्न लागलं की हो!" असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "मंग लागनारच. मी काय अडवनार हुतो व्हय?" आणि बोलता बोलता मांडववाल्याच्या माणसांबरोबर गाठी सोडायला बसायचे. दाजींना वेळ कळत नसे, पण रिकामे हात त्यांना सोसत नसत. गप्पा मारताना शेंगा सोलायचे, शेंगा संपल्या तर टरफलं चुरायचे, तीही संपली तर समोरच्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण ओढून बघायचे. आक्काला बघायला आले तेव्हा मी शाळेत होतो. वडीलधाऱ्यांचं मानपानाचं बोलणं चाललेलं आणि नवरदेव आमच्या पुढच्या दाराची बिजागरी हलवून बघतायत. मग त्यांनी हातोडी मागितली. कांदेपोहे संपेपर्यंत आमचं दार भिंतीला टेकून उभं होतं. आई आतून हळूच म्हणाली, "पोरगा बरा वाटतूय, पर दार बसिवल्याबिगर जाऊ देऊ नगा." त्यांनी ते बसवलं, आणि ते दार पुन्हा कधी कुरकुरलं नाही. आक्का अजून सांगते, त्या दिवशी तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलंच नाही. बिजागरीवर चाललेले दोन हात तेवढे पाहिले आणि होकार दिला.

त्यातल्या डाव्या हाताबद्दल मला लिहायचं आहे. बरीच वर्षं मी कुठल्याच गोष्टीबद्दल फारसं बोलत आलो नाही. कुसगावच्या एका हॉटेलात मी काउंटर सांभाळतो, आणि आमच्या धंद्यात कमी बोलणारा माणूस चांगला समजतात. पण ही गोष्ट आता सांगून टाकावी असं वाटतं. दाजींवर लिहायचं आणि ती गाळायची, तर मग न लिहिलेलं बरं.

वराळ्याला वसाहती उठायला लागल्या तेव्हा दाजींचीही भातखाचरं गेली. आसपासच्या मंडळींनी जमिनीच्या पैशांत गाड्या घेतल्या, गाड्यांच्या मागच्या काचांवर पोरांची नावं रंगवली. दाजींनी काहीच घेतलं नाही. मग एक दिवस मला म्हणाले, "मेव्हनं, पुन्याला चला. मला एक घड्याळ घ्यायचंय. चांगलं घ्यायचं, पुन्हा घ्यायला लागाया नगं." दुकान थंडगार होतं. कोट घातलेल्या एका तरुणानं मखमलीवर घड्याळं मांडली आणि त्यातलं एक उचलून म्हणाला, "काका, ह्याला सेल नाही. तुमचा हात हलला की आतली चकती फिरते, तिनं स्प्रिंगला पीळ बसतो. हात चालला की घड्याळ चाललं. काढून ठेवलंत तर दीड-दोन दिवसांत बंद."

दाजींचे डोळे मोठे झाले. "म्हंजी मी राबलो तरच ह्ये चालनार?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"आन् बसून खाल्लं तर?"

"तर थांबणार."

दाजींनी डावा हात पुढे केला. "बांदा."

किंमत मी सांगणार नाही. आक्काला अजून माहीत नाही. त्या तरुणानं जाताना बाजूची चावीही दाखवली. कधी थांबलंच, तर इथून पीळ द्यायचा. दाजी म्हणाले, "ती तुमी वापरा." घरी आल्या आल्या त्यांनी आक्काला समोर बसवून शब्द घेतला, की काटे लावण्यापुरती चावी चालेल, पण पीळ द्यायला तिला कुणी हात लावायचा नाही. "न राबता घड्याळ चाललं तर ती लबाडी व्हईल," ते म्हणाले. आक्का बिचारी हातातलं पीठ न धुता शब्द देऊन मोकळी झाली.

पण शेत गेलं होतं. दाजी पारावर बसून राहू लागले, आणि एका दुपारी घड्याळ थांबलं. दाजी ते घेऊन तडक पुण्याला. त्या तरुणानं मागचं झाकण उघडून सगळं तपासलं आणि अगदी अदबीनं सांगितलं, "घड्याळ उत्तम आहे, काका. तुमची हालचालच कमी पडतेय." हे वाक्य दाजींना जितकं लागलं तितकी जमीन गेल्याचंही लागलं नसावं. "मला म्हनतो हालचाल कमी! ह्या हातानं बांध घातलेत!" परतीच्या सगळ्या वाटेवर ते हाच विषय घोळत होते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जे आरंभलं ते वराळ्यानं पूर्वी पाहिलं नव्हतं. कुणाचीही भाताची आवणी असो, दाजी आपणहून चिखलात. लग्नघरी पुरीचं पीठ तिंबायला दाजी. भजनात आजवर मागे बसणारे दाजी आता पुढे येऊन टाळ कुटायला लागले, आणि अभंग संपला तरी त्यांचा हात चालूच. बुवांनी एकदा अभंग थांबवून हात जोडले, "दाजी, देव जागा झालाय. आता जरा दमानं." दाजींनी मनगट कानाला लावून बघितलं आणि म्हणाले, "चालतंय. व्हऊ द्या."

त्यांच्याच खाचरांवर जी वसाहत उभी राहिली तिथल्या बागेतही ते खुरपं घेऊन जाऊ लागले. फाटकावरचा रखवालदार गावचाच, तो काय अडवणार? एकदा तिथल्या एका बाईंनी गॅलरीतून हाक मारली, "ओ माळीकाका, त्या जास्वंदीला पाणी कमी घाला हो, पानं पिवळी पडतायत." दाजींनी मान डोलावली. बाई खाली आल्या, त्यांची नजर मनगटावर गेली, आणि त्या गप्पच झाल्या. तसं घड्याळ त्यांच्या यजमानांकडेही नसावं. दाजींना वाटलं बाई जास्वंदीचंच ऐकायला थांबल्यात. ते म्हणाले, "बाई, हितं माझा गोठा हुता. खाली समदं शेनखतच हाय. पानी कमी क्येलं तरी ही फुलायची थांबायची न्हाई." हा किस्सा सांगून आम्ही सगळे खूप हसायचो. दाजीही हसायचे. आक्का हसायची नाही.

ह्या घड्याळांसाठी एक पेटीही मिळते, हे मला हॉटेलात कळलं. एका पाहुण्यांनी काउंटरवर फोन केला, की खोलीतली वीज गेलीय आणि त्यांच्या घड्याळाची पेटी बंद पडलीय. मी वर जाऊन बघितलं तर काळ्या लाकडाची देखणी पेटी. आत उशीवर घड्याळ बसवायचं, ते आपोआप सावकाश गोल फिरत राहतं आणि त्याचा पीळ उतरत नाही. रविवारी वराळ्याला गेलो तेव्हा ही मजा मी दाजींना सांगितली. ते आधी पोट धरून हसले. "घड्याळाला पाळना! म्हंजी मालक तानून देनार आन् घड्याळ राबनार?" मग एकदम गंभीर होऊन चौकशी करू लागले. आवाज येतो का? दमतं का? मालक गावाला गेला तरी चालतं का?

"चालतं की. वीज आहे तोवर चालतं."

"आन् मालक मेला तर?"

"तरी चालेल, दाजी. घड्याळाला काय कळतंय?"

"मंग त्या घड्याळात आन् भिंतीवरच्या घड्याळात फरक काय ऱ्हायला?" ते म्हणाले. "असली पेटी माझ्या घरात आनू नगा, मेव्हनं."

गणपती उठल्यावर एका सकाळी दाजी अंगणात चूळ भरायला म्हणून वाकले आणि तिथंच बसले. तांब्या हातातून पडला. आक्का आतून ओरडली, "काय पाडलं?" आणि उत्तर आलं नाही. तळेगावच्या दवाखान्यात पोचलो तोवर डावी बाजू गेली होती. जीव वाचला. पाय हळूहळू काठी धरून चालण्याइतका परत आला, तोंडही सरळ झालं. हात आला नाही. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी घड्याळ मागितलं. ते उजव्या हातात बांधायला गेलो तर माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं डाव्यात बांधलं. तो हात गळ्यातल्या झोळीत निपचित असायचा. घरी आल्यावर ते काटे लावायला सांगायचे, घड्याळ थोडं हलवून सुरू करून द्यायला लावायचे, आणि मग बघत बसायचे. ते थांबायचंच. "समदी म्हनत्यात बरा व्हनार, बरा व्हनार," ते मला म्हणाले. "ह्ये येकटं खरं बोलतंय."

व्यायाम द्यायला तस्लीम येत असे. इंदुरीची मुलगी, वडिलांचं तिथं सिमेंट-लोखंडाचं दुकान. स्कूटरवरून यायची, हेल्मेट काढायच्या आधीच ओरडायची, "आबा, बोटं!" दाजी तिला डॉक्टरीणबाई म्हणत. ती एकेक बोट धरून उघडायची, मनगट वळवायची, आणि म्हणायची, "आता तुम्ही. मनातून तरी हलवा. हलल्यासारखं करा." दाजी खिडकीबाहेर बघायचे. "मेल्याली फांदी हाय ती, बाई. पानी घालून काय उपेग?" तस्लीमनं आक्काला आणि मला बाहेर नेऊन सांगितलं, "काका, हे पहिलेच महिने असतात. ह्या काळात मेंदू ऐकतो, पुढे हट्टी होतो. आबांनी मनापासून केलं तर निदान बोटं उघडतील, घास धरण्याइतकी मूठ येईल. पण त्यांनी करायला हवं. मी काही त्यांच्या आत शिरून करू शकत नाही."

दाजी करत नव्हते. जेवण कमी झालं, बोलणं संपलं. आक्का पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात बसायची. दिवाळीला मी गेलो तर दारात पणती नाही, आणि घरात हे दोघं एकमेकांकडे न बघता बसलेले. त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलं. घड्याळ चालत राहिलं तर? हात आतून हलतोय असं त्यांना वाटलं तर व्यायाम करतील. एवढंच होतं माझ्या मनात, खरंच सांगतो.

चावीला चार पीळ देऊन भागलं असतं. पण आक्का हटून बसली. "चावीला मी हात लावायची न्हाई, भाऊ. शबूद दिलाय मी ह्यांना."

मी म्हटलं, "पेटीत ठेवलं तर चावीला हात लागत नाही."

ती विचारात पडली. "पेटीबद्दल मी काय बोलले नव्हते," ती म्हणाली.

अशी आम्ही बहीणभावंडं. दिलेला शब्द मोडला नाही, आणि त्याच्या आडून हवं ते करून घेतलं.

पेटी मी आणली. आतल्या खोलीत, कपाटात गोधड्यांच्या मागे ठेवली. वायर कपाटाच्या फटीतून काढली. दाजींना गोळीनं गाढ झोप लागायची. ती लागली की आक्का पट्टा सोडून घड्याळ पेटीत ठेवायची आणि पहाटे ते उठायच्या आत पुन्हा मनगटावर बांधायची. घड्याळ थांबायचं बंद झालं. दाजींनी आधी कुणाला सांगितलं नाही. नुसते सारखे बघायचे. मग एका सकाळी आक्काला विचारलं, "रात्री हात हलतो का गं माझा? झोपंत?"

आक्का भाकरी थापत होती. मागे न बघता म्हणाली, "हलतो की."

त्यानंतरचे दिवस काय सांगू! दाजी परत आले. भूक परत आली, आवाज परत आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ओट्यावर बसवून घड्याळ त्याच्या कानाला लावायला लागले. "वरनं दिसत न्हाई, पन आतून चालू हाय. झोपंत चालतोय हात!" मारुतीच्या देवळात पेढे वाटले. तस्लीम आली की स्वतःच हात पुढे करायचे, घाम फुटेस्तोवर प्रयत्न करायचे, आणि एकदा अंगठा खरोखर हलला. खरोखर. मी होतो तिथं. मला वाटलं, जिंकलं आपण.

पण दाजी शेवटी दाजी. त्यांनी हिशेब असा मांडला, की हात झोपेत आपणहून राबतोय, तर जागेपणी त्याला आणखी जुंपायचं कशाला? बैलाला पण सावलीत उभं करतात. हळूहळू व्यायामाला टाळाटाळ सुरू झाली. मग एक दिवस तस्लीमला दारातूनच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमी लय केलंत. आता ह्यो आपला आपन येतोय. उगं तुमचं पेट्रोल कशाला जाळायचं?" ती हसली, पण आत आली. तिनं घड्याळ कानाला लावलं. मनगट हातात घेऊन दाबून, वळवून बघितलं. मग मला बाहेर बोलावलं.

"काका, मनगटात अजून काहीच जोर नाही. एवढ्यावर घड्याळ चालणं शक्य नाही. तुम्हाला काही माहितेय का?"

हा प्रश्न तिनं सरळ विचारला होता. मध्ये कुणी नव्हतं. मी सांगितलं असतं तर ती दाजींपाशी बसली असती, काहीतरी मार्ग काढला असता. हातात अजून वेळ होता. मी म्हणालो, "काय माहीत, बाई. देवाची कृपा."

का म्हणालो, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दाजी हसत होते, आक्का जेवत होती, हे खरंच. पण तेवढंच नव्हतं. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. आयुष्यभर मी काउंटरमागे उभं राहून पाहुण्याच्या मनासारखं बोलत आलो. खोलीतून डोंगर दिसतो का, तर दिसतो. धुकं असलं तरी दिसतो. खोटं बोललो असं मला कधी वाटलंच नाही. माणूस खूश झाला की आपलं काम झालं. दाजींच्या बाबतीतही मी तेच केलं. तस्लीम हेल्मेट घालून गेली. पुन्हा तिला बोलावलं नाही कुणी.

थंडी गेली, उन्हाळा गेला. दाजींचा हात झोळीतच होता आणि दाजी मजेत होते. बोटं आत वळत चालली होती. आक्काला दिसत होतं, मलाही दिसत होतं. दर रविवारी मी ठरवून जायचो की आज सांगायचं, आणि दाजी मला पाहताच ओरडायचे, "या मेव्हनं! ऐका, ऐका, कसं चाललंय!" मी कान लावायचो. ते चाललेलंच असायचं.

पावसाळ्यात वाऱ्यानं झाडं पडली, वराळ्याकडच्या तारा तुटल्या आणि वीज गेली ती आलीच नाही. आक्काचा फोन आला, "भाऊ, लाइट न्हाई. काय करू?" हॉटेल पर्यटकांनी भरलेलं, माझ्यासमोर खोल्यांसाठी लोक भांडत होते. मी दबक्या आवाजात म्हटलं, "चावी फिरव."

"मी न्हाई."

"आक्का, दोन दिवसांचा प्रश्न आहे."

"मी न्हाई फिरवनार. तू ये."

मला निघता आलं नाही. खरं तर ठरवलं असतं तर निघता आलंही असतं. गेलो तेव्हा घड्याळ थांबून गेलं होतं. दाजी ओट्यावर होते. झोळी सोडून टाकलेली, आणि डावा हात उजव्या हातानं मनगटापाशी धरून ते तो हलवत होते. वर-खाली, वर-खाली. घामानं सदरा ओला झालेला. मला बघून म्हणाले, "आरं, बंद पडला ह्यो. चालता हात बंद पडला. त्या पोरीला बोलीव. काय तरी झालंय आत, परत येकदा झालंय."

त्यांना वाटत होतं पुन्हा झटका आला. मृत्यूची भीती होती त्यांच्या डोळ्यांत. ती मला बघवेना, म्हणून मी बोललो. धैर्य आलं म्हणून नाही. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि म्हणालो, "दाजी, काही झालेलं नाही. हात कधी चालतच नव्हता. पेटी आणली होती मी."

ते हलवायचे थांबले. पेटी बघायला मागितली. आक्कानं ती गोधड्यांमागून काढून आणली आणि ओट्यावर ठेवली. दाजींनी बोटानं उघडली, आतली उशी दाबून बघितली.

"कवापास्नं?"

"दिवाळीपासून."

ते आक्काकडे वळले. "तू शबूद दिलतास मला."

आक्का रडत रडत म्हणाली, "चावीला हात न्हाई लावला मी. खरंच न्हाई लावला."

दाजी हसले. इतकं मोठ्यानं हसले की रस्त्यावरचा माणूस थांबला. हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा होत गेला, आणि ते कधी रडायला लागले ते आम्हाला कळलं नाही. थोड्या वेळानं मला म्हणाले, रागानं नाही, एखादी गोष्ट समजावून घ्यावी तसं म्हणाले, "मला वाटायचं, मी झोपंत बी मेहनत करतोय."

तस्लीमला मीच जाऊन घेऊन आलो. वाटेतच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी विचारलं होतं तुम्हाला." एवढंच म्हणाली. मग दाजींपाशी बसली, मूठ उघडायचा प्रयत्न केला आणि त्यांना खोटं काही सांगितलं नाही. दुखणं कमी होईल, मूठ आणखी घट्ट होऊ नये एवढं बघता येईल. तो अंगठा, जो हलला होता, तो पुन्हा हलला नाही.

घड्याळ आता आक्काच्या मनगटावर असतं. दाजींनीच बांधायला लावलं, म्हणाले, "बाईचा हात रिकामा बघितलाय का कुनी? ह्ये मी दुकानातच तिला बांदायला पायजे हुतं." पट्ट्याला पीठ लागलेलं असतं आणि ते एकदाही थांबलेलं नाही. पेटी मी परत आणली. हॉटेलात अजूनही कुणी पाहुणा हौसेनं विचारतो, अशी पेटी घ्यावी का? मी सांगतो, घड्याळ बरेच दिवस पडून राहणार असेल तर घ्या, काटे पुन्हा लावायची कटकट वाचते. जास्त काही बोलत नाही.

दाजी माझ्याशी बरेच महिने बोलले नाहीत. मी जायचो, ओट्यावर बसायचो, आक्का चहा द्यायची, मी यायचो. दाजी मला मेव्हनं म्हणेनात, कपबशी पुढे सरकवून आक्काला नुसतं "पाव्हन्यांना दे" म्हणायचे. मग एका रविवारी आक्का सांगत होती, की बंद मुठीतली नखं तळहातात रुततायत, तिला नीट दिसत नाही, आणि ओढलं की ह्यांना दुखतं. आतून दाजींचा आवाज आला, "मेव्हन्याला सांग."

तेव्हापासून दर रविवारी मी ते करतो. कोमट पाण्याचं पातेलं आणि मऊ फडकं घेऊन त्यांच्यासमोर बसतो. करंगळीपासून सुरुवात करायची, घाई करायची नाही, बोट आपणहून सैल पडेपर्यंत धरून ठेवायचं, हे तस्लीमनं शिकवलंय. आतला तळवा ओलसर असतो. त्यावर घट्टे होते पूर्वी, बिजागरीसारखे टणक. ते सगळे गेलेत, लहान मुलाच्या तळव्यासारखा झालाय तो. मी पुसतो, नखं काढतो, बोटांमध्ये कापडाची घडी ठेवतो. डाव्याचं झालं की मग दाजी स्वतःच उजवा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवतात. "ह्याची बी काढ. ह्याची मला काढता येत न्हाईत."

मी त्याचीही काढतो. डाव्या हाताची नखं काढत असतो तेव्हा ते खिडकीबाहेर बघत असतात. उजव्याची काढतो तेव्हा माझ्याकडे बघतात.